फसलेल्या बाटल्यांचं गाव

लग्नकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर मी "कराची कामं करते" एवढंच सांगत आले. पूर्ण उत्तर द्यायचं म्हटलं तर पुढची पंगत उठेपर्यंत समजावत बसावं लागतं. पूर्ण उत्तर असं: शेतीच्या मालावर धंदा करणाऱ्यांनी काही संशोधन केलं असेल, तर त्या खर्चाची आयकरात वजावट मिळवून देणं. हे ऐकलं की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. शेतीला कुठे असतो आयकर? आणि शेतकरी कधीपासून संशोधन करायला लागला? दुसरा प्रश्न विचारणारा बहुधा हसत असतो. पहिल्याचं उत्तर मी तिथल्या तिथे देते. दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे बरीच वर्षं धड नव्हतं. ते मला पालघरकडच्या एका घरत कुटुंबाच्या घरी मिळालं, आणि तेच सांगायला आज बसले आहे.

आधी पहिला प्रश्न निकालात काढू. झाडावरच्या जांभळाकडे आयकर खातं ढुंकूनही बघत नाही. ते टोपलीत भरून बाजारात विकलं तरी नाही. पण त्याच जांभळाचा रस काढला, टिकवला, बाटलीत भरून विकला, की तो कारखान्याचा माल झाला आणि नफ्यावर कर आला. मग कायदाच पुढे म्हणतो, हा रस टिकावा म्हणून तुम्ही काही शोधून काढलं असेल तर तो खर्च आम्ही मान्य करू. त्यासाठी यंत्र घेतलं असेल तर त्याची किंमत पहिल्याच वर्षी पूर्ण वजा. धंदा सुरू होण्याआधीच्या तीन वर्षांत प्रयोगासाठी घेतलेला मालसुद्धा चालतो. फक्त तो खर्च खरोखर संशोधनावर झाला, असं सरकारने नेमलेल्या शास्त्रीय अधिकाऱ्यांनी म्हणायला हवं. या 'फक्त'वर माझं घर चाललं.

मी मूळची सांगलीकडची. नवऱ्याची नोकरी अणुवीज केंद्रात, म्हणून तारापूरच्या वसाहतीत आले. सुरुवातीला बोईसरच्या एमआयडीसीत रसायनांच्या एका कारखान्याचे हिशोब पाहिले. तिथे प्रयोगशाळा होती, पांढरे कोट होते, गुळगुळीत कागदावर छापलेले अहवाल होते. संशोधन म्हणजे हे, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. पुढे बोईसर स्टेशनच्या पूर्वेला, नटबोल्टच्या दुकानावर मी स्वतःचं ऑफिस थाटलं आणि वाडीतली, खाडीतली माणसं जिना चढून यायला लागली. पांढरा कोट एकाच्याही अंगात नव्हता.

डहाणूकडून एक मिरचीवाले यायचे. मिरचीचा सॉस करून विकायचे. त्यांचं म्हणणं, रोपं पौर्णिमेला लावली तर मिरची जास्त तिखट होते, हा त्यांचा शोध आहे आणि सरकारने तो मानावा. मी शांतपणे विचारलं, "काका, अमावास्येला लावून पाहिली का कधी?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "अमावास्येला कोन लावतो?"

"मग पौर्णिमेचीच जास्त तिखट, हे कशावरून?"

"तिखट लागते कनी."

त्यांना मी समजावलं की दोन्ही दिवशी लावायची, दोन्ही वेळची तपासून घ्यायची, एखादी फसली तर फसली, पण दोन्ही दाखवायच्या. त्यांना ते काही पटलं नाही. फसणार हे माहीत असताना मिरची लावायची, ही गोष्ट त्यांना माझ्या मूर्खपणाची वाटली. तरी दर वर्षी सॉसची बाटली मात्र आणून देत राहिले. ती अतिशय तिखट असे, आणि त्यात पौर्णिमेचा वाटा किती हे मला आजही माहीत नाही.

किनाऱ्यावरच्या नवापूरच्या एक मावशी बोंबील सुकवून, पाकिटात भरून विकायच्या. धूळ आणि माशा लागू नयेत म्हणून त्यांनी बांबूच्या मांडवावर कधी जाळी, कधी प्लास्टिकचा कागद, कधी दोन्ही घालून पाहिलं होतं. कागदाखाली बोंबील घामेजून सडले, जाळीखाली वास कमी झाला, असं सगळं त्या सांगत होत्या. मी म्हटलं, "मावशी, हेच संशोधन." त्या खो खो हसल्या. "ह्याला संशोधन म्हन्तात? मग आमच्या दांडी-नवापूरच्या सगल्या बाया सायंटिस हायत." पण सडलेले बोंबील कुठे आहेत विचारलं, तर ते केव्हाच समुद्राला परत गेले होते.

इथे माझ्या धंद्यातली खरी अडचण आली. जे हमखास जमणारच होतं ते करणं म्हणजे संशोधन नव्हे. जमेल की नाही हे माहीत नसताना करून बघणं, आणि मधे फसणं, हा त्याचा कणा. म्हणून शास्त्रीय अधिकारी यशापेक्षा फसलेलं जास्त बारकाईने बघतात. आणि आपली माणसं नेमकं तेच लपवतात. पाहुण्यापुढे कुणी करपलेली भाकरी ठेवतं का? मी वर्षानुवर्षं प्रत्येकाला सांगत आले, "चांगलं नंतर दाखवा, आधी काय फसलं ते दाखवा." समोरचे लोक शरमून एकमेकांकडे बघायचे.

हेमलता घरत माझ्याकडे आली तेव्हा मात्र यातला एकही शब्द मला सांगावा लागला नाही. पालघरच्या पूर्वेला नदीकाठी त्यांचं गाव. तिथली जांभळाची झाडं इतकी उंच, की फळ उतरवायला भोवती बांबूची परांची बांधतात. हेमलता विज्ञान शाखेची पदवीधर. लग्नाआधी बोईसरच्या एका कंपनीत मालाच्या तपासणीचं काम करायची. सासरी आल्यावर तिने पाहिलं की जांभूळ दोन दिवसांत मऊ पडतं आणि निम्मं झाडाखालीच जातं. रस करावा तर तो तपकिरी पडतो, नाहीतर आंबून बाटली फोडतो. टिकवायचं औषध न घालता तो जांभळाच जांभळा कसा राहील, याच्या मागे ती तीन हंगाम लागली होती. कधी कमी तापवून, कधी जास्त, कधी बी काढून, कधी बीसकट. प्रत्येक पद्धतीच्या बाटलीच्या गळ्याला वेगळ्या रंगाचा दोरा. जमल्यावर तिने दीर-जावांना घेऊन छोटी कंपनी काढली, रस तापवायचं यंत्र घेतलं, आणि मग माझा जिना चढली.

घरात तिचे सासरे, जनार्दन घरत. सगळं गाव त्यांना आण्णा म्हणे. सुनेवर त्यांचा जीव, पण त्या तीन हंगामांना ते एकाच शब्दात मोडीत काढायचे: नासाडी. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले, तेव्हा चहा पुढे करत ते म्हणाले होते, "बाय, आमची सून हुशार हाय. पन तीन वर्सं नुस्ती नासाडी केलीन. एवड्या जांभलात मी दोन पोरींची लग्नं केली असती." हेमलता आतून सगळं ऐकत होती.

आम्ही त्या तीन हंगामांच्या खर्चाची वजावट मागितली. हल्ली कर आकारणारा अधिकारी दिसत नाही, नोटीस थेट संगणकावर येते. त्या नोटिशीत म्हटलं होतं की हा संशोधनाचा खर्च दिसत नाही, खराब झालेल्या मालाचा दिसतो. हेमलताने ठेवलेल्या प्रयोगांच्या नोंदी जोडल्या होत्या, पण नोंदी काय, मागाहूनही लिहिता येतात, असा नोटिशीचा सूर. मी इंग्रजीतलं वाक्य हेमलताला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, हे तर आमच्या आण्णांनी लिव्हल्यासारखं हाय."

निकाल विरुद्ध गेला तर व्याजासकट कर भरायला यंत्र विकावं लागणार होतं. मी तिला हे स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "यंत्र गेलं तर मी परत कंपनीत जाईन, त्याचं काय नाय. पन तीन वर्सं मी नासाडी केली, असं सरकारच्या कागदावर नको." माझ्याकडे आलेल्या कुणी आजवर असं म्हटलं नव्हतं. बाकीच्यांना वजावट हवी असे. हिला आपल्या कामाचं नाव हवं होतं. मला त्या दिवसापासून या केसची काळजी वाटायला लागली.

प्रकरण शास्त्रीय अधिकाऱ्यांकडे गेलं आणि त्यांच्या वतीने दिल्लीहून एक शास्त्रज्ञ बाई प्रत्यक्ष पाहायला येणार असं ठरलं. मला मनातून आनंद झाला, कारण हेमलताच्या शेडमध्ये फसलेल्या बाटल्यांची अख्खी मांडणी उभी होती. तपकिरी, ढगाळ, फुगलेल्या झाकणांच्या, रंगीत दोऱ्यांच्या. कागदावर शंका घेता येते, तीन वर्षांच्या आंबलेल्या रसावर कशी घेणार?

आदल्या दिवशी हेमलता दिवसभर माझ्या ऑफिसात तयारी करत होती. संध्याकाळी घरी पोचली आणि तिचा फोन आला. आवाज अगदी सपाट. "मॅडम, आण्णांनी शेड साफ केलीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकरच मी गाडी करून गेले. शेडला आतून-बाहेरून आणि घराच्या ओटीलाही चुना मारलेला. अंगण नि ओटी ताजी सारवलेली, अंगणात रांगोळी. मांडणीवर चांगल्या रसाच्या नव्या बाटल्या ओळीत. आणि मागच्या बाजूला, राखेने घासून लखलखीत केलेल्या रिकाम्या बाटल्या उन्हात पालथ्या घातलेल्या. आतला माल उकिरड्यात गेला होता, दोरे चुलीत. आण्णा धुतलेलं धोतर नेसून दारात उभे होते. दिल्लीकडून बाई येणार म्हणून म्हाताऱ्याने दोन गडी लावून दिवसभर राबून हे केलं होतं.

मी विचारलं, "आण्णा, हे काय केलंत?"

"काय केलं म्हंजे? पावन्याम्होरं नासकं ठेवायचं? गावाची लाज हाय."

मी त्यांना ओटीवर बसवलं आणि समजावलं. ज्या बाटल्या तुम्ही फेकल्यात, त्याच बघायला बाई येताहेत. त्या नसतील तर त्यांना दिसणार फक्त रसाचा कारखाना, आणि त्याला संशोधन म्हणत नाहीत. आण्णांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग ते उठले, पालथ्या बाटल्यांकडे गेले आणि तिथेच उभे राहिले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. मला त्यांचा राग येईना. माझे वडील असते तर त्यांनीही हेच केलं असतं.

हेमलता इतका वेळ खांबाला टेकून होती. ती एकदम म्हणाली, "शेजाऱ्यांकडं असतील."

प्रत्येक वेळी रस केला की ती दोन-चार बाटल्या आळीत वाटायची. चव कळवा म्हणायची. चव कुणीही कळवली नव्हती आणि बाटलीही कुणाची परत आली नव्हती. ती समजत होती, लोकांनी रस ओतून बाटल्या तेलाला घेतल्या असतील.

आण्णांनी मान हलवली. "वतनार नाय कोन," ते म्हणाले. "दिलेलं वतत नाय. आनि परत द्यायचं तर रिकामं देत नाय."

मला मग उलगडा झाला. आमच्या सांगलीकडेही शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत, साखर तरी घालून देतात. या लोकांची पंचाईत अशी झाली असणार: रस पिववत नाही, घरतांच्या घरून आला म्हणून फेकवत नाही, भरलेला तसाच परत करावा तर अपमान, आणि ओतून रिकामी बाटली देणं तर शक्यच नाही. म्हणजे बाटल्या घरोघर तशाच असायला हव्या होत्या.

"मग मागून आणू या," मी म्हटलं.

हेमलता आण्णांकडे बघत होती. दिलेली वस्तू घरतांनी दारात जाऊन परत मागायची, हे त्या गावात आजवर झालं नव्हतं. आणि घराच्या वतीने मागायचं तर ते घरातल्या मोठ्या माणसानेच. आण्णांनी टोपी घातली, चपला घातल्या आणि ते पहिल्या घराकडे निघाले.

मी मागून गेले. शेजारच्या काकूंच्या दारात उभं राहून ते म्हणाले, "सुनेनं रस दिलेला, ती बाटली हाय का? परत पायजे." काकूंचा चेहरा पडला. "आण्णा, मी पिनार होती. पन ह्यांना सर्दी झालेली…" दोन वर्षांची सर्दी. आण्णा म्हणाले, "बरं झालं नाय प्यालीस. आन." काकूंनी माळ्यावरून, चिंचेच्या बरणीमागून, निळ्या दोऱ्याची बाटली काढली. पदराने पुसायला लागल्या तर आण्णा घाईने म्हणाले, "पुसू नको. हाय तशी दे."

पुढच्या घरात ती कणगीमागे निघाली, त्याच्या पुढच्यात देव्हाऱ्याखाली. एका घरी तर ती भिंतीतल्या कोनाड्यात पुढच्या बाजूला मांडलेली होती, रंग छान दिसतो म्हणून. बातमी आळीभर झाली आणि मग आण्णांना मागावंही लागलं नाही. बाया स्वतःच पदराखालून बाटल्या घेऊन यायला लागल्या, प्रत्येकीपाशी न पिण्याचं एक कारण. ताज्या सारवलेल्या ओटीवर आम्ही दोऱ्यांच्या रंगाप्रमाणे त्या मांडत गेलो. आदल्या दिवशी जे फेकलं होतं, त्यातल्या जवळजवळ प्रत्येक पद्धतीची बाटली गावाने परत आणून दिली. हेमलता एकेक बाटली उचलून बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी तोंड फिरवलं, कारण माझंही तेच होत होतं.

दुपारी शास्त्रज्ञ बाई आल्या. मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या. चांगल्या रसाच्या ओळीकडे त्यांनी नुसतं पाहिल्यासारखं केलं आणि ओटीवरच बसकण मारली. बाटल्या उजेडात धरून बघायला लागल्या. "ये लाल धागेवाला?" हेमलता सांगायला लागली. आधी चाचरत, मग भराभर. लाल दोरा म्हणजे उकळलेला, रंग गेला. पांढरा म्हणजे तापवलाच नाही, फुटला. निळा कमी तापवलेला, टिकला पण बीमुळे तुरट झाला. बाई विचारत होत्या आणि ती हिंदी-मराठीत उत्तरं देत होती. दोघींना आम्ही बाकीचे तिथे आहोत याचा विसर पडला होता. मधेच एका पांढऱ्या दोऱ्याच्या बाटलीचं झाकण उडालं आणि आण्णांच्या नव्याकोऱ्या चुन्यावर जांभळी चिळकांडी गेली. बाईंच्या ओढणीवरही शिंतोडे उडाले. आण्णांनी डोळे मिटून घेतले. बाई ओढणी झटकत म्हणाल्या, "अच्छा, तो ये अभी तक ज़िंदा है."

निघताना त्यांनी आण्णांना विचारलं, "इतने साल लोगों ने ये खराब माल फेंका क्यों नहीं?"

आण्णा बोईसरच्या बाजारातल्या हिंदीत म्हणाले, "घरत के घर का था. कैसा फेकेंगा?"

बऱ्याच महिन्यांनी निर्णय आला. प्रयोगाचा खर्च संशोधनाचा म्हणून मान्य झाला. हे सांगायला मी फोन न करता मुद्दाम गावी गेले. आण्णांनी विचारलं, "म्हंजे नासाडी नाय?"

"नाही आण्णा. सरकार म्हणतं, संशोधन."

ते थोडा वेळ सुपारी कातरत राहिले. मग आतल्या बाजूला तोंड करून मोठ्याने म्हणाले, "हेमा, ऐकलंस का? तुझं बरोबर होतं." त्या घरात मी पुष्कळदा गेले आहे. हेमलताला इतकं मोकळं हसताना मी तेव्हाच पाहिलं. पुढच्या हंगामात आळीतल्या प्रत्येक घरी त्यांची बाटली परत गेली, चांगल्या रसाने भरून. ती पोचवायला आण्णा स्वतः हिंडले.

एक रुखरुख मात्र उरली आहे. जव्हार-विक्रमगडकडच्या डोंगरातली माणसं नागलीचं, भाताचं बी वर्षानुवर्षं निवडत, पारखत आली. एका उतारावर हे, दुसऱ्यावर ते, असं करून बघत आली. त्यांच्यासाठी मला काहीच करता आलं नाही. ज्याला करच लागत नाही त्याला करात सवलत कशी द्यायची? कायद्यात त्याची सोय नाही, आणि ती कशी असावी हे मलाही सुचलं नाही. बाकी या मुलखाने मला भरभरून दिलं. कारखान्याच्या अहवालांत जे कधी दिसलं नसतं ते ओट्यांवर, मांडवांखाली, माळ्यांवर दिसलं. सांगलीची एक लेक इथे कागद घेऊन आली आणि माणसांत बसायला शिकली. त्याबद्दल मी इथल्या प्रत्येक दाराची ऋणी आहे.

आता ऑफिस बंद करून दोन वर्षं झाली. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी दुपारी दाराची बेल वाजली. आण्णा उभे होते, नातवाच्या मोटरसायकलवर बसून एवढ्या लांबून आलेले. हातात पिशवी, पिशवीत एक बाटली. गळ्याला हिरवा दोरा. हा रंग मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, नवा रस चाखायला आणला असेल. मी पेले काढायला निघाले, तर त्यांनी मला थांबवलं.

"पिऊ नका, बाय. सून काय तरी नवीन करते हाय. ह्या वर्साची फसलेली हाय ही." त्यांनी बाटली माझ्या हातात दिली आणि वर बजावलं, "माळ्यावर ठेवा. जपून ठेवा. फेकू नका."

मी ती घेतली. चहा झाला, गप्पा झाल्या. बाटली माझ्या स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यांमागे उभी आहे. परवा पाहिलं, झाकण जरा फुगलंय.